सुंदर हात

पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसेना, एवढंच झालं होतं. एप्रिलमधला मंगळवार, सकाळचे दहा, हालरबेकच्या जुन्या शाळेतली तळमजल्यावरची खोली. ओबरब्रेमरबाई कॉफीचा थर्मास घेऊन माझ्या डोक्याशी उभ्या होत्या.

"श्ट्यूवेसाहेब, वीस वर्षं सायकलच्या कारखान्यात काढलीत म्हणता. साधी हवा भरता येत नाही?"

ओबरब्रेमरबाई आमच्या गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षा. डोर्गेलो सायकल कारखाना ऑक्टोबरमध्ये पाडणार होते आणि तिथे सुपरमार्केट होणार होतं. त्यानिमित्त कारखान्याच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक काढायचं आणि शाळेत प्रदर्शन भरवायचं, असं मंडळाने ठरवलं. चाकं तपासणारा शेवटचा माणूस मी, आणि अजून जिवंत, म्हणून पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. प्रदर्शनासाठी पहिली सायकल आली ती पाद्रीबाबांच्या विधवा बायकोची. काळी, लेडीज, पुढे पितळी पाकोळीचा बिल्ला.

मी गुडघे टेकून पुढचं चाक पाहिलं. व्हॉल्व्ह दोन स्पोकच्या फुलीखाली अडकला होता.

हे थोडं सांगायला हवं. चाकाला छत्तीस स्पोक. प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जातो. व्हॉल्व्हचं भोक जिथे येतं तिथे शेजारचे दोन स्पोक एकमेकांपासून लांब जायला हवेत, म्हणजे पंपाचं तोंड आणि माणसाची बोटं आत जातात. पहिला स्पोक उलट बाजूने घातला तरी चाक होतं, मजबूत होतं, सरळही फिरतं, फक्त व्हॉल्व्ह फुलीखाली सापडतो. उजव्या हाताची सवय असलेल्या बाईकडून ही चूक होत नाही, तिचा हात आपोआप बरोबर बाजूने सुरू होतो. डावखुऱ्या बाईचा हात दमला, की तो आपल्या वळणावर जातो आणि मग हे असं होतं.

असं चाक बांधणारी एकच बाई कारखान्यात होती. माझी बहीण हिल्ट्रूड. ती १९५८ साली निघून गेली.

मी चष्मा पुसून रिमवरचा शिक्का वाचला. त्यावर ६३ होतं.

ओबरब्रेमरबाईंना मी सांगितलं की पंपाचा वॉशर गेलाय.

पुस्तकाचं काम तसं सोपं होतं. हेर्मान डोर्गेलो याने १८९७ साली लोहाराच्या शेडमध्ये पेडल बनवायला सुरुवात केली, मग हँडल, मग अख्खी सायकल. १९११ ला रंगखाना जळाला. युद्धात सैन्याच्या सायकली केल्या, आणि त्या करायला युक्रेनमधून धरून आणलेल्या बायका रंगखान्यामागच्या लाकडी कोठीत झोपत. "हे दीड पानात उरका," ओबरब्रेमरबाई म्हणाल्या. मी तीन पानं लिहिली. १९५२ साली एकशे चाळीस माणसं कामाला होती. मग लोकांना मोपेड हवी झाली, मग मोटार, आणि १९६६ मध्ये धाकट्या डोर्गेलोसाहेबांनी फाटकाला कुलूप लावलं. हे सगळं मी शाईच्या पेनाने, दिवसाला चार पानं या हिशेबाने लिहून काढलं. माझ्या मनात काहीच हललं नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं काही हलत नाही, आणि मला त्याची सवय झाली आहे.

शेवटी कामगारांची यादी होती. नाव, विभाग, कधी लागला, कधी गेला. जो वारला असेल त्याच्या नावापुढे फुली. दोनशे बारा नावं. हिल्ट्रूडच्या ओळीशी मी थांबलो. तिच्यापुढे फुली मारायची की नाही हे छत्तीस वर्षांत कुणाला कळलेलं नव्हतं. कोर्टातून मृत ठरवून घेता येतं, पण आई असेपर्यंत तिने ते करू दिलं नाही आणि नंतर मी केलं नाही. मी लिहिलं, "१९५० ते १९५८, स्वेच्छेने काम सोडले," आणि पुढच्या नावाकडे गेलो.

गुरुवारी मी मेटामावशीकडे गेलो. मेटा कूलमान स्पोक विभागाची जुनी मुकादम, आता एकोणऐंशी वर्षांची, वृद्धाश्रमात राहते. गुरुवारी तिथे पिकर्ट असतो, बटाट्याचं जाड धिरडं, वर बिटाचा काळा पाक. पलंगावर बसल्या बसल्या तिने एक ताट माझ्याकडे सरकवलं.

"या तपासनीस साहेब. खा. बघा, गोल आहे का नीट."

"मावशी, हिल्ट्रूडनंतर तसं उलटं चाक कोण बांधायचं?"

"कुणी नाही."

"त्रेसष्ट सालचं एक मिळालंय."

"मग तुझ्या नजरेतून सुटलं असेल. तुझ्या नजरेतून काही सुटतं का रे, फोल्कमार?" ती खात राहिली. "पुस्तकात काय लिहिलंस तिच्याबद्दल?"

मी सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

"स्वेच्छेने," ती म्हणाली. "छान. तुझं अक्षर पण चांगलं असेल त्यात."

निघताना मी हात पुढे केला तर तिने दोन्ही हात चादरीखाली घेतले.

आमच्याकडे पोराने मोठ्या माणसापुढे डावा हात केला, की म्हणतात, सुंदर हात दे. उजवा म्हणत नाहीत, सुंदर म्हणतात. हिल्ट्रूड सहा वर्षांची झाली आणि शाळेत डाव्या हाताने लिहू लागली, तेव्हा मास्तरांनी वडिलांना बोलावलं. त्या दिवसापासून जेवताना आणि अभ्यासाला बसताना तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्याला बांधायचं ठरलं. बांधायचं काम माझं होतं. मी दहा वर्षांचा होतो. कपडे वाळत घालायची दोरी घ्यायचो. पहिल्या आठवड्यात ती दातांनी गाठ सोडायची, म्हणून मी गाठ मनगटाच्या खाली, दांड्याच्या बाजूला घेऊ लागलो. तिथे तिचं तोंड पोचायचं नाही. ती रडत नसे. सुटल्यावर मनगट दुसऱ्या हाताने चोळत बसायची.

कारखान्यात लागली तेव्हा ती उजव्या हाताने काम करत होती आणि चांगलं करत होती. पण आठवड्याच्या शेवटी हात दमायचा. मी १९५५ साली तपासणीला गेलो. चाक पास झालं की मी रिमच्या आतल्या बाजूला, जिथे पुढे रबरी पट्टी बसते, तिथे निळ्या खडूने एक रेघ मारायचो आणि म्हणायचो, "चालतंय." नापास झालं की ते बांधणारीच्या खिळ्यावर परत टांगायचं. त्या खुणेशिवाय एकही चाक पुढे जात नसे.

सतरा ऑक्टोबर १९५८, शुक्रवार, दुपारी पावणेचार. मी हिल्ट्रूडची अकरा चाकं एकदम परत नेली. ती बारावं बांधत होती. मांडीवर चाक होतं. मी ती अकरा तिच्या बाकावर ठेवली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सुंदर हात वापर, हिल्ट्रूड. की दोरी आणू?"

बायका हसल्या. मेटामावशी हसली की नाही ते मला आठवत नाही.

हिल्ट्रूडने मांडीवरचं चाक खिळ्याला टांगलं, कोट घातला, सायकल काढली आणि कालव्याच्या रस्त्याने गेली. पुन्हा कुणी तिला पाहिलं नाही. कालव्यात गळ टाकले, हानोफरच्या स्टेशनवर फोटो लावले. तिची सायकलही मिळाली नाही. सोमवारी मी कामावर गेलो. त्या वेळी मला काहीतरी वाटायला हवं होतं हे मला कळत होतं.

मे महिन्यात मंडळाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, जुन्या डोर्गेलो सायकली असतील तर प्रदर्शनासाठी आणून द्या. सव्वीस सायकली आल्या. मी प्रत्येकीची नोंद केली आणि प्रत्येकीच्या पुढच्या चाकाखाली वाकून पाहिलं. १९५८ च्या आधीच्या सगळ्या बरोबर होत्या. नंतरच्या काही बरोबर होत्या. बाकीच्यांत व्हॉल्व्ह फुलीखाली होता. रिमवर ५९, ६०, ६१, असे सहासष्टपर्यंतचे शिक्के.

"पंप कधी नीट लागलाच नाही," एक निवृत्त पोस्टमन मला म्हणाला. "वाकडा धरून भरायचो. बायको म्हणायची, फेकून द्या. पण साहेब, चाक वाकडं फिरतंय म्हणून आऊट एकदाही काढावा लागला नाही. तीस वर्षं टपाल वाटलं यावर."

तो गेल्यावर मी त्याचं चाक काढलं, टायर उतरवला, रबरी पट्टी ओढून काढली. आत निळी रेघ नव्हती. पुसलेली नव्हती, कधी मारलेलीच नव्हती. पाद्रीणबाईंच्या सायकलचं चाक काढलं. त्यातही नव्हती. एका आठवड्यात मी सगळी उलटी चाकं उघडली. एकालाही खूण नव्हती. १९५९ ते ६६ मध्ये कारखान्याबाहेर गेलेलं प्रत्येक चाक मी स्वतः तपासलं होतं. मी कधी आजारी पडलो नाही, कधी रजा घेतली नाही.

ती चाकं मी मोजली. पाद्रीणबाईंचं धरून अकरा होती.

उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली ती त्या आठवड्यात. आधी करंगळी, मग शेजारचं. डॉक्टरांनी सुया टोचून पाहिलं आणि म्हणाले, नसा विशीतल्या माणसासारख्या आहेत. मनगटाभोवती एक फिकट लाल रेघ होती. "शर्टाची बाही घट्ट असेल," ते म्हणाले. मी बाहीचं बटण लावणं सोडलं.

उन्हाळाभर मी पुस्तक पुरं केलं. जुलैत पेन धरता येत होतं, सप्टेंबरात दोन बोटांत अडकवून ढकलावं लागायचं. यादीतली हिल्ट्रूडची ओळ मी तीनदा खोडली आणि तीनदा तीच पुन्हा लिहिली. दुसरं काय लिहायचं ते मला माहीत होतं. ते लिहिलं असतं, तर गावाने वाचलं असतं. मला त्याची भीती वाटत होती, हे इथे सांगून टाकतो.

पाडकाम सोमवारी सुरू व्हायचं होतं. आदल्या शुक्रवारी मी नगरपालिकेतून किल्ली घेतली. पुस्तकासाठी फोटो काढायला कोन बघायचाय, असं सांगितलं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. ऊन होतं. स्पोक विभागाच्या लांब खोलीत काचा फुटल्या होत्या, जमिनीवर कबुतरांची घाण, प्लास्टरचे पोपडे. यंत्रं १९६७ मध्येच विकली गेली होती. खिडकीखालचं लांब बाक भिंतीत पक्कं असल्यामुळे राहिलं होतं. त्यावर बोटभर धूळ होती. मी चालत गेलो. पहिली खिडकी, दुसरी, मग हिल्ट्रूड बसायची ती तिसरी.

तिसऱ्या खिडकीशी धूळ नव्हती.

जवसाच्या तेलाचा वास आला. स्पोकचं टोक त्या तेलात बुडवून मग बसवतात, म्हणजे पुढे ढिलं होत नाही. तेल दोन दिवसांत सुकतं आणि वास जातो.

खिळ्याला एक चाक टांगलेलं होतं. रिम नवी, चकचकीत. मी ते डाव्या हाताने उतरवलं, कारण उजवा वर जाईना. व्हॉल्व्हचं भोक फुलीखाली होतं.

मी स्पोक मोजले. पस्तीस होते.

छत्तिसावा बाकावर पडला होता. त्याच्या टोकावर तेल ओलं होतं.

मी बाकाशी बसलो. चाक मांडीवर घेतलं. मी आयुष्यात एकही चाक बांधलेलं नाही. मी तपासायचो. उजवा हात बाजूला लोंबत होता, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डाव्या हाताने स्पोक उचलला, हबच्या भोकातून घातला, दोघांच्या वरून आणि तिसऱ्याच्या खालून काढला, टोक रिममध्ये नेऊन पिळलं. हात कुठेही थांबला नाही. मी फक्त बघत होतो.

मग चाक दोन बोटांवर धरून फिरवलं.

ते सरळ फिरलं. केसभरही आऊट नव्हता. मी पुष्कळ वेळ पाहिलं, कारण माझं कामच ते होतं. इतकं चांगलं चाक मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी परत नेलेल्या त्या अकरांतलं प्रत्येक असंच असणार, आणि तेव्हाही मला ते दिसलं असणार.

खडू बाकाच्या कडेला होता. निळा.

मी रिमच्या आत रेघ मारली.

"चालतंय, हिल्ट्रूड," मी म्हणालो.

खोलीत कुणी नव्हतं. कबुतरंसुद्धा नव्हती. चाक मी पुन्हा खिळ्याला टांगलं आणि दाराकडे चालू लागलो. दाराशी पोचेपर्यंत ते मागे फिरत होतं. स्पोक कापत जाणारी हवा ऐकू येत होती. मी टांगलं तेव्हा ते थांबलेलं होतं.

मी वळलो नाही.

त्या शनिवार-रविवारी यादीचं पान मी पुन्हा लिहिलं. "हिल्ट्रूड श्ट्यूवे, स्पोक विभाग, १९५० पासून." शेवटची तारीख घातली नाही. खाली एक परिच्छेद लिहिला. तिचा हात कुणी बांधला, कशाने बांधला, गाठ कुठे घेतली, आणि सतरा ऑक्टोबरला सगळ्यांसमोर तिला कोण काय बोललं. लिहून झाल्यावर आणखी पाच पानंही नव्याने लिहिली, ती अकरा चाकांविषयी. मग सगळं पाकिटात घालून ओबरब्रेमरबाईंच्या नावाने टपालात टाकलं.

ओबरब्रेमरबाई नोव्हेंबरमध्ये छापील कच्ची पानं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. कॉफी झाली, केक झाला. त्या पुन्हा पुन्हा चष्मा काढत होत्या.

"श्ट्यूवेसाहेब, हे शेवटचं. हे जरा घरगुती नाही का होत? लोक हे वाचणार आहेत. मेटाबाई अजून आहेत."

"मेटामावशीला मी वाचून दाखवलंय."

"काय म्हणाल्या?"

"हात पुढे केला."

ओबरब्रेमरबाईंना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी माझी हस्तलिखित पानं पिशवीतून काढून टेबलावर सारखी केली.

"बरं, राहू दे मग. पण ही कुणाकडून उतरवून घेतलीत? तुमचं अक्षर मला माहीत आहे, उभं, काटेरी. हे केवढं गोल आहे. खरंच सुंदर हात आहे हा."

"माझ्या बहिणीचा आहे," मी म्हणालो.

त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"म्हणजे हिच्यापुढे फुली मारायची नाही."

"नाही."

"अहो मग आधी सांगायचंत. मी उगीच छापखान्याला चार वेळा फोन केला." त्या उठल्या, कोट चढवला, हात पुढे केला. मी डावा दिला. "चालतंय की," त्या हसून म्हणाल्या, आणि गेल्या.

मी खुर्चीतच बसून राहिलो. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. हल्ली तो तिथेच असतो, आणि जेवण होईपर्यंत मला तो उचलता येत नाही. बाही वर सरकली होती. मनगटावरचा वळ आता लाल नाही, जांभळा आहे, त्यात दोरीचे पीळ मोजता येतात. गाठीचा खड्डा खालच्या बाजूला आहे, दांड्याकडे, जिथे तोंड पोचत नाही.